गुडघ्याएवढं काहीतरी

"भीती हाच मानवी संस्कृतीचा पाया आहे! माणूस घाबरला म्हणून त्यानं आग पेटवली, घाबरला म्हणून घर बांधलं, घाबरला म्हणून लग्न केलं. आणि या चित्रपटात आपण त्या आदिम भीतीच्या डोळ्याला डोळा भिडवणार आहोत!"

असं दिग्दर्शकानं सगळ्या युनिटसमोर जाहीर केलं, आणि त्याच क्षणी दिव्याच्या स्टँडमागून एक झुरळ बाहेर आल्यामुळे पुढची वाक्यं तो खुर्चीवर उभा राहून बोलला. मेकअपवाल्या बाईंनी झुरळ चपलेनं निकालात काढलं. मग संस्कृतीचा पाया पुन्हा जमिनीवर उतरला आणि कामाला सुरुवात झाली.

चित्रपट निम्मा खरा आणि निम्मा काढलेला होता. एका साध्यासुध्या घरात एक साधासुधा माणूस एकटा राहतो आणि एके दिवशी त्याच्या घरात राक्षस शिरतो, एवढीच गोष्ट. घर खरं, टेबलखुर्ची खरी, माणूस खरा. राक्षस तेवढा हातानं काढलेला, रेघांचा आणि रंगांचा. अशा चित्रपटात कामाचा क्रम जरा उफराटा असतो. आधी माणसाचं चित्रीकरण करतात आणि त्याच्यासमोरची जागा मोकळी सोडतात. पुढं केव्हातरी चित्रकार बसून त्या मोकळ्या जागेत राक्षस काढतो. म्हणजे आधी ढेकर द्यायचा आणि मग जेवायला बसायचं.

मोकळ्या जागेत नेमकं कुठं बघायचं हे नटाला कळावं म्हणून एक जण काठीला पिवळा चेंडू बांधून उभा राहतो. नट त्या चेंडूवर प्रेम करतात, चेंडूशी भांडतात, चेंडूची मनधरणी करतात. मोठमोठे नट त्याच्यासमोर ढसाढसा रडलेले आहेत. चेंडूला पाझर फुटल्याचं ऐकिवात नाही.

या चित्रपटातला माणूस म्हणजे मामा. त्यांच्यापेक्षा वयानं मोठी माणसंही त्यांना मामाच म्हणत. मामांनी जन्मभर लोकांना हसवलं होतं. मामा काही बोलायच्या आधी डावा हात हळूच कानापर्यंत नेत, की थिएटर फुटायचं. त्या हाताला वेळेची अशी काही जाण होती की लोक म्हणत, मामांना वगळून नुसत्या हाताला घेतलं तरी चित्रपट चालेल.

अशा माणसाला घाबरवायचं, ही दिग्दर्शकाची कल्पना. अडचण एवढीच होती की राक्षस कसा दिसतो हे अजून कुणी ठरवलंच नव्हतं. पण दिग्दर्शक शिकलेला होता. आपल्या विसराळूपणाला त्यानं सिद्धांताचा झब्बा चढवला.

"चेंडू काढून टाका," तो म्हणाला. "काठीवाल्यालाही बाहेर पाठवा. मामा, समोरच्या दारातून काहीतरी आत येतंय. काय, ते मी सांगणार नाही."

"तुम्हाला तरी माहीत आहे का?"

"मामा, कलेत असे प्रश्न विचारत नाहीत."

"बरं. मग घाबरतो," मामा म्हणाले आणि खुर्चीत बसले.

कॅमेरा जवळ होता. छातीपासून वर तेवढे मामा दिसत होते, आणि कडेला दार. आधी त्यांनी नेहमीची भीती केली, दुकानात तयार मिळते तसली: डोळे मोठे, भुवया वर, नजर दाराकडे. मग ती नजर दारावरून खाली उतरली आणि एके ठिकाणी थांबली. आणि टाकीचं बूच काढल्यावर पाणी उतरावं तसा मामांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ओरडले नाहीत. ओठ हलले, आवाज नाही. नजर मात्र इंचाइंचानं वर सरकू लागली, जसं काही ते जे होतं ते घाई न करता वर येत होतं.

मेकअपवाल्या बाईंच्या हातून पावडरचा डबा पडला. दिग्दर्शक "कट" म्हणायचं विसरला. कॅमेरा चालूच राहिला. शेवटी मामाच उठले, दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले, "डोकं दुखतंय," म्हणाले आणि चेहऱ्यावरचा रंगसुद्धा न पुसता घरी गेले. त्यानंतर त्यांनी कुणाचाही फोन घेतला नाही.

आता राक्षस काढायचं काम ज्याच्या नशिबी आलं तो चित्रकार मध्यम वयाचा, मध्यम उंचीचा आणि मध्यम आवाजाचा होता. स्टुडिओत त्याला सगळे खोडरबर म्हणत, कारण एक रेघ ओढायला तो चार रेघा खोडायचा. माडीवरच्या खोलीत, खालून उजेड येणाऱ्या काचेच्या टेबलाशी त्याचं आयुष्य गेलं होतं. एकेक फ्रेम काचेवर ठेवायची, वर पातळ कागद ठेवायचा आणि काढायचं. त्याआधी फ्रेम साफ करायची हेही त्याच्याकडेच होतं. चित्रीकरणात नको ते काहीबाही आत येतं: माइकची सावली, एखादी वायर, काठीवाल्याची बोटं. खोडरबर ते सगळं मुकाट्यानं पुसून टाकायचा. या कामाला दाद मिळत नाही. पुसलेलं दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचं कौतुक कोण करणार?

त्यानं पहिला राक्षस काढला तो दारात मावेना एवढा मोठा. दात, नखं, शिंगं, सगळं यथासांग. निर्मातीणबाईंनी तो मामांच्या शेजारी पडद्यावर पाहिला आणि पुन्हा एकदा लावायला सांगितला.

"खोडरबर, याला बघून मला आमचे मोठे दीर आठवले."

"ते भयंकर आहेत का?"

"नाही हो, ओशाळे आहेत. नवराबायकोचं भांडण चालू असताना मध्येच जेवायला आलेल्या पाहुण्यासारखा दिसतोय हा. मामा घाबरलेत, कबूल. पण याला नाही घाबरलेले. दुसऱ्याच कशाला तरी."

दुसरा राक्षस धुराचा काढला, तिसरा चिखलाचा. चौथ्याला तोंडच नव्हतं. मामांच्या त्या चेहऱ्यासमोर प्रत्येकाचं हसं झालं. शेवटी निर्मातीणबाई अगदी मायेनं बोलल्या, आणि म्हणूनच खोडरबर सावध झाला.

"येत्या शुक्रवारपर्यंत मला घाबरवा. नाही घाबरले, तर राक्षस त्या कॉम्प्युटरवाल्या कंपनीला द्यायचा आणि तुमच्या खोलीत जादा खुर्च्या ठेवायच्या, असं ठरलंय. वाईट वाटून घेऊ नका."

खोडरबरला हातानं चित्रं काढण्याखेरीज जगात दुसरं काही येत नव्हतं. घरी गॅसचा सिलिंडरसुद्धा बायकोच लावायची. तो माडीवर गेला, दार लावलं, आणि मामांचे डोळे मोजायला बसला.

ही या धंद्यातली जुनी युक्ती. नट जिकडे बघतो तिकडे राक्षस ठेवायचा. फ्रेममध्ये नटाच्या डोळ्यातल्या बाहुलीच्या मध्यावर टाचणी टोचायची, नजरेच्या रोखानं दोरा ताणायचा आणि तो जमिनीपाशी कुठं जातो ते बघायचं. खोडरबरनं दोरा ताणला. तो दाराकडे गेलाच नाही. दार आणि खुर्ची यांच्या मध्ये, जमिनीच्या जरासा वर जाऊन थांबला. त्यानं पुन्हा मोजलं. पुन्हा तिथंच.

म्हणजे मामा ज्याला घाबरले ते मोठं नव्हतंच. गुडघ्याएवढं होतं.

खोडरबरनं आजवर काढलेल्या राक्षसांत गुडघ्याएवढा एकही नव्हता. मोठ्या राक्षसाचं एक बरं असतं, तो दिसतो. त्याच्यापासून पळता येतं. पण गुडघ्याएवढं काहीतरी टेबलाखाली असू शकतं, पडद्यामागं असू शकतं, आपण पाय खाली सोडून बसलो असताना अगदी जवळ असू शकतं. त्यानं कुत्रा काढला, नाही जमला. घूस काढली, नाही. मग रांगणारं, केस नसलेलं एक मूल काढलं. ते पाहून दिग्दर्शकानं खोलीतला दिवा लावायला सांगितला, पण तेही बरोबर वाटेना. मामांची नजर त्याच्यावर ठरत नव्हती, आरपार जात होती.

दिवसभर काचेवर तो चेहरा. खालून उजेड आणि वर भेदरलेले मामा, एका फ्रेममध्ये, दुसऱ्या फ्रेममध्ये, तिसऱ्या फ्रेममध्ये. हसणाऱ्या माणसाकडे बघून हसू येतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. घाबरलेल्या माणसाकडे आठवडाभर टक लावून बघितलं तर काय होतं, हे फारसं कुणी करून बघत नाही. खोडरबरच्या मानेवरचे केस कायमचे उभे राहिले. जिना उतरताना तो पायरीकडे न बघता पायरीच्या कडेला बघू लागला. घरी आला की आधी सोफ्याखाली वाकून बघायचा, मग बसायचा, आणि बसला की पाय वर घ्यायचा.

"अहो, पाय खाली सोडा," बायको म्हणाली. "सोफ्याचं कव्हर कालच धुतलंय."

"असू दे."

"काय हरवलंय का? चार दिवस बघतेय, घरभर खाली मान घालून फिरताय. कुणी बघितलं तर म्हणेल, बायकोचा फार धाक दिसतोय."

"अगं, मामा ज्याला घाबरले ना, ते गुडघ्याएवढं आहे."

"कुठं आहे?"

"तेच कळत नाहीये."

बायको हसली. शेजारच्या खोलीत जाऊन इस्त्रीचे कपडे घेऊन आली, सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. थोड्या वेळानं तिनंही पाय वर घेतले.

"तुमच्यामुळे!" ती म्हणाली. "आणि आता हसाल तर खबरदार."

तो हसला नाही. हसू येतच नव्हतं.

शुक्रवारच्या आदल्या दिवशी दुपारी तो जेवायला घरी आला होता. बायको खिडकीपाशी उशीच्या अभ्र्याला टाका घालत बसली होती. सुईत दोरा ओवण्यासाठी तिनं सुई चेहऱ्याजवळ धरली, आणि तिचे दोन्ही डोळे नकळत नाकाकडे वळले. अगदी थोडेसे. खोडरबरचा घास हातातच राहिला.

"हलू नकोस," तो म्हणाला.

बायको किंचाळली, सुई फेकली आणि खुर्चीवर चढली. "कुठं आहे? कुठं आहे?"

"अगं, इथं नाही. डोळे! तुझे डोळे आत वळले. सुई जवळ आहे म्हणून."

"मग सुई काय रस्त्यावर ठेवून ओवू?" ती खुर्चीवरूनच ओरडली.

पण तो ताटावरून उठून पायात चपला सरकवत होता. मामांचे डोळे असेच होते. इतके दिवस त्याला ते दिसलं होतं आणि कळलं नव्हतं. दोरा ताणला की नजरेची दिशा कळते, पण वाटेत नजर कुठं थांबली ते दोरा सांगत नाही. लांबच्या वस्तूकडे बघताना दोन्ही डोळे सरळ असतात. अगदी जवळच्या वस्तूकडे बघतानाच ते आत वळतात. ते जे काही होतं ते दार आणि खुर्चीच्या मध्ये नव्हतंच. ते खुर्चीतच होतं. मामांच्या मांडीवर.

माडीवर पोचेपर्यंत त्याला दुसरी गोष्ट आठवली, आणि तो जिन्यातच थांबला. साफसफाई. पहिल्याच दिवशी त्यानं हा शॉट साफ केला होता. शेवटच्या काही फ्रेम्समध्ये, अगदी खालच्या कोपऱ्यात, कुणाची तरी बोटं आत आली होती. काठीवाल्याची बोटं रोजच येतात. त्यानं ती पुसली होती.

आणि त्या दिवशी काठीवाला सेटवर नव्हताच.

त्यानं कपाटातून न पुसलेल्या मूळ फ्रेम्स काढल्या आणि एकेक करून काचेवर ठेवल्या. होती. चार बोटांची टोकं, फ्रेमच्या खालच्या कडेवरून हळूहळू वर येणारी. एका फ्रेममध्ये जरा डावीकडे, पुढच्या फ्रेममध्ये जरा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. थरथरत होती. आणि मामांची नजर थेट त्यांच्यावर होती.

शॉटमध्ये काहीतरी होतं. खरोखरच होतं. आणि त्यानं ते स्वतःच्या हातानं पुसून टाकून त्या जागी आठवडाभर दुसरे राक्षस काढले होते.

खोडरबरनं काचेखालचा दिवा बंद केला, मग भीती वाटली म्हणून पुन्हा लावला, आणि तो तसाच चालू ठेवून मामांच्या घरी निघाला.

मामा त्यांच्या मोठ्या बहिणीबरोबर राहत. या ताई जन्मभर मुख्याध्यापिका होत्या, आणि निवृत्त झाल्या तरी आलेल्या माणसाच्या नखांकडे बघण्याची सवय काही सुटली नव्हती. त्यांनी दार उघडलं, खोडरबरची नखं पाहिली. त्यांत रंग होता.

"चित्रकार ना तुम्ही? चपला ओळीत ठेवा. बरं झालं आलात. मी भाजी आणायला चाललेय, तेवढ्यात याला बोलतं करा. तोंडाला कुलूप लावून बसलाय. आणि डावा हात खिशातून काढत नाही. लहानपणी बिस्किटं चोरली की अस्साच बसायचा."

मामा खिडकीशी बसले होते. ताईंच्या पावलांचा आवाज जिन्यात विरेपर्यंत दोघंही दाराकडे बघत राहिले.

"तुझा राक्षस झकास होता रे," मामा मग म्हणाले. "फार घाबरलो."

"मामा, मी अजून काढलाच नाहीये."

"हो का? मग कल्पनाशक्ती म्हणायची."

"मामा, तुमच्या मांडीवर काय होतं?"

मामा खिडकीबाहेर बघू लागले. खोडरबरनं ऐकलं, घरात कुठंतरी नळ टिपटिपत होता. त्याची नजर आपोआप खुर्चीखाली गेली.

"मी चार बोटं पाहिली," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "हलत होती. कुणाची होती ती?"

मामांनी त्याच्याकडे पाहिलं. मग डावा हात खिशातून काढला आणि समोरच्या टेबलावर ठेवला, एखाद्यानं पिंजऱ्यातला प्राणी बाहेर ठेवावा तसा. हात तिथं पडून राहिला. मग कापू लागला. आधी अंगठा, मग त्याच्या शेजारची बोटं. टेबलावरचं वर्तमानपत्र कुजबुजल्यासारखं वाजू लागलं.

"हा," मामा म्हणाले. "हा तुझा राक्षस."

खोडरबरनं खुर्ची जवळ ओढली.

"त्या दिवशी मी आपला घाबरल्यासारखं करत होतो. धंदाच आहे. आणि मांडीवर हे सुरू झालं. मला वाटलं, वा मामा, काय अभिनय होतोय! हातसुद्धा काम करतोय! म्हटलं, पुरे आता, थांब. थांबेना. वर उचलला, नीट बघावं म्हणून. तर तसाच कापत कापत वर आला. जन्मभर या हाताला मी सांगितलंय, आता वर हो, आता थांब, आता लोकांना हसू दे. पहिल्यांदाच त्यानं ऐकलं नाही."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"डॉक्टर काय करणार? त्याचं नाव सांगणार. एकदा नाव कळलं की मग तो घरातलाच होतो. अजून निदान परका आहे."

"पण असं काही असेलच असं—"

"अरे, मी ओळखला ना त्याला!" मामांचा आवाज एकदम चढला आणि तितकाच खाली आला. "बाबांचा असाच सुरू झाला होता. आधी कपबशी वाजायची. आम्ही पोरं हसायचो, बाबाही हसायचे. मग एक दिवस त्यांनी कपानं प्यायचंच सोडलं. परका राक्षस आला तर माणूस ओरडतो रे. ओळखीचा आला की आवाजच फुटत नाही."

वर्तमानपत्र कुजबुजत होतं. मामांनी उजव्या हातानं डावा हात दाबून धरला, तेव्हा ते थांबलं.

"मी तुमची बोटं पुसून टाकली, मामा. मला वाटलं, काठीवाल्याची आहेत."

"छान केलंस. तशीच कायमची पुसता आली तर बघ." मग मामा पुढं झुकले. त्यांच्या चेहऱ्यावर तीच काचेवरची भीती होती, फक्त आता ती खोडरबरकडे बघत होती. "हे बघ, ताईला सांगायचं नाही. बाबांचं सगळं तिनं केलंय. तिचं लग्न त्यातच राहिलं. पुन्हा तेच तिच्यापुढं वाढून ठेवायचं नाही मला. आणि धंद्यात तर मुळीच नाही. ज्याचा हात आपोआप हलतो त्याला विनोदी काम कोण देणार? लोक हसायच्या आधी हळहळतील. आणि एकदा हळहळलेला माणूस पुन्हा हसत नाही, खोडरबर. मी बघितलंय."

आता खोडरबरपुढं खरा पेच पडला. राक्षस दारात काढावा, तर तो खोटा, आणि उद्या त्याच्या खोलीत खुर्च्या. मामा जिथं बघताहेत तिथं खरं काय आहे ते दाखवावं, तर मामा संपले. त्यानं मामांच्या मुठीत दाबलेल्या हाताकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं की शेवटी चित्रकार म्हणूनच पाहू लागला.

"मामा," तो म्हणाला, "ती बोटं मी परत आणतो."

"वेडा आहेस का?"

"परत आणतो, आणि त्यांना कुणीतरी धरलंय असं काढतो. गुडघ्याएवढं. खालून वर चढणारं. त्यानं बोटं पकडलीत आणि ते हलवतंय. मग कापतंय ते तुमचं नाही, त्याचं."

मामांनी उजव्या हाताची पकड जरा सैल केली.

"म्हणजे माझं दुखणं राक्षसाच्या नावावर खपवायचं?"

"हो."

"आणि लोक म्हणणार, काय राक्षस काढलाय!"

"नाही. म्हणतील, मामांनी काय काम केलंय!"

"श्रेय मला मिळणार असेल तर काढ," मामा म्हणाले.

जिन्यात पावलं वाजली. हात खिशात गेला.

खोडरबर माडीवर परतला आणि कामाला लागला. भीती गेली होती असं मात्र नाही. आजवर तो काहीतरी माहीत नाही म्हणून घाबरत होता. आता माहीत आहे म्हणून घाबरत होता, आणि यातली दुसरी भीती अधिक चिवट असते. दात, नखं, डोळे, त्यानं काहीच काढलं नाही. बारीक, अर्धवट, हलक्या रेघांचं काहीतरी, लहान मुलानं बोट धरावं तसं मामांचं बोट धरून वर चढणारं. मध्येच त्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि स्वतःचा हात काचेवरच्या उजेडात धरून पाहिला. बोटं स्थिर होती. तरी तो पाहत राहिला. हात आपलाच आहे, आपलं ऐकतो, हे आजवर त्यानं कधी तपासलंच नव्हतं. त्यानं हाताला सांगितलं, पेन्सिल उचल. हातानं उचलली. त्याला हाताचे आभार मानावेसे वाटले.

शुक्रवारी दुपारी स्टुडिओच्या छोट्या प्रेक्षागृहात शॉट दाखवायचं ठरलं. पुढच्या रांगेत निर्मातीणबाई आणि दिग्दर्शक. त्यांच्या मागं मामा, पलीकडे ताई, अलीकडे खोडरबर. ताई येणार हे कुणी सांगितलं नव्हतं, "भावाचं काम बघायला परवानगी लागते का?" असं विचारून त्या येऊन बसल्या होत्या. ज्या बाईनं वडिलांचा असाच हात वर्षानुवर्षं धरला, तिच्यापासून भावाचा हात लपवायचा, आणि लपवायचा तो भिंतीएवढ्या पडद्यावर.

अंधार झाला. पडद्यावर मामांनी दाराकडे पाहिलं. दारातून काहीतरी बुटकं आत सरकलं आणि फ्रेमच्या खाली नाहीसं झालं. मामांची नजर उतरली. पडद्याच्या खालच्या कडेवर काहीच नव्हतं, बराच वेळ काहीच नव्हतं. मग बोटं वर आली. मामांची खरी बोटं, आणि त्यांना विळखा घालून, त्यांना हलवत, लाडानं हलवत, ती रेघांची गोष्ट. ती वर बघत होती, मामांच्या तोंडाकडे. तिला चेहरा नव्हता, तरी ती मामांना ओळखत होती हे कळत होतं.

कुणीतरी श्वास आत ओढला तो सोडलाच नाही. निर्मातीणबाईंनी दोन्ही पाय वर, सीटवर घेतले.

खोडरबर पडद्याकडे बघतच नव्हता. तो ताईंकडे बघत होता. पडद्याचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर हलत होता. चेहरा हलत नव्हता. मामाही पडद्याकडे बघत नव्हते. तेही तिकडेच बघत होते.

दिवे लागले.

"खोडरबर," निर्मातीणबाई पाय खाली न सोडताच म्हणाल्या, "खुर्च्या दुसरीकडे ठेवू. कुठंही ठेवू. पण ते आधी बंद करा."

दिग्दर्शक उठून उभा राहिला. डोळ्यांत पाणी, हात आकाशाकडे. "मी म्हणालो होतो! भीती बाहेरून येत नाही! भीती आपला हात धरून आपल्यातच वाढते! मामा, असा अभिनय या भूमीवर झालेला नाही! तो हात! तो थरथरणारा हात! तुम्ही तो कसा साधलात, हे नटांच्या पुढच्या पिढ्या शोधत बसतील!"

"सरावानं," मामा म्हणाले.

टाळ्या वाजल्या. ताईंनी वाजवल्या नाहीत. त्या खोडरबरकडे वळल्या, आणि त्यानं आपली नखं मुठीत लपवली.

"ओळखीचा वाटला हो तुमचा प्राणी," त्या म्हणाल्या.

खोडरबर उठून उभा राहिला.

"जरा सभ्य काढलात, एवढंच." आणि त्यांनी पर्स उघडली, चेहरा भिंतीकडे वळवला आणि चष्मा शोधायला लागल्या. चष्मा त्यांच्या नाकावर होता. तरी त्या शोधत राहिल्या, कप्प्यामागून कप्पा, जराही मागं न बघता.

तेवढ्यात मामा खोडरबरच्या कानाशी वाकले. खोडरबरला वाटलं, आता काहीतरी मोठं ऐकायला मिळणार.

"बाहेर फोटो काढणार आहेत म्हणे," मामा कुजबुजले. "ताईचं लक्ष नाही तोवर माझ्या उजव्या बाहीचं बटण तेवढं लावून दे. डावा आज ऐकत नाहीये."